रिद्धपूर ते अल्लीपूर : उच्चारित शब्दाच्या जतनाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर हे गाव आहे. अल्लीपूरसारख्या गावाची आजची बोली ऐकावयाची झाल्यास अभ्यासकाला प्रत्येक वेळी प्रवास करण्याची गरज आता उरलेली नाही. हरिनाम सप्ताहातील कीर्तन, खंजिरी भजन, तान्हा पोळा, शंकरपट, निवडणुकीतील सभा ह्यांपैकी बरेच काही विदर्भातील गावोगावचे तरुण हातातील मोबाइलवरून थेट प्रक्षेपित करतात. पुण्यास किंवा परदेशी गेलेला गावकरी ते त्याच क्षणी पाहतो, आणि ज्याला त्या क्षणी पाहता आले नाही तो ते मागाहून शोधतो. ह्या मागाहून शोधण्यातच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकने एक नियम जाहीर केला. १९ फेब्रुवारीपासून होणारे प्रत्येक थेट प्रक्षेपण तेथे केवळ ३० दिवस राहील व नंतर पुसले जाईल. त्यापूर्वीची जुनी प्रक्षेपणेही टप्प्याटप्प्याने काढून टाकली जातील, मात्र ती उतरवून घेण्यासाठी मालकास सूचनेनंतर ९० दिवस मिळतील, असे त्या नियमाचे स्वरूप होते. अशी सूचना ज्याने वाचली, ज्याला ती समजली आणि ज्याच्याजवळ साठवणुकीची सोय होती, त्याची प्रक्षेपणे वाचण्याची शक्यता होती. ज्या मंडळाचे खाते चालविणारा तरुण नोकरीसाठी दूर गेला, किंवा ज्याला खात्याचा परवलीचा शब्दच आठवेना, त्याच्या प्रक्षेपणांचे भवितव्य काय झाले असेल हे सांगावयास नको.

ही अडचण नवी भासते. वस्तुतः ती मराठी भाषेच्या गद्याइतकीच जुनी आहे. बोललेला शब्द बोलता क्षणीच नष्ट होतो. तो टिकला तर कोणामुळे टिकतो, आणि टिकताना त्याचे काय होते, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रदेशाने सर्वांत आधी व सर्वांत काळजीपूर्वक दिली, तो प्रदेश अल्लीपूरपासून फार दूर नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि त्या जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे.

१

श्रीचक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे निरूपण बोलण्यातून झाले, आणि तेही प्रसंगोपात्त : वाटेने चालताना, भिक्षेच्या वेळी, कोणी प्रश्न विचारला म्हणून. त्यांच्या पश्चात त्यांचे अनुयायी रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. तेथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा एकत्र करण्याचे कार्य हाती घेतले. परंपरेनुसार ‘लीळाचरित्रा’चा काळ शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ हा मानला जातो.

ह्या ग्रंथाचे वाङ्मयीन महत्त्व सर्वमान्य आहे. प्रस्तुत संदर्भात महत्त्व आहे ते म्हाइंभटांच्या पद्धतीला. त्यांनी एकाच व्यक्तीच्या आठवणीवर भिस्त ठेवली नाही. ज्या ज्या भक्ताने जी जी लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली होती, त्याच्याकडे ते गेले. आणि मिळालेला वृत्तान्त त्यांनी नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतला. लीळेबरोबर स्थळ, प्रसंग आणि तेथे हजर असलेली माणसे ह्यांची नोंद केली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणाच्या प्रश्नावर चक्रधर काय बोलले, हे त्यामुळे आज सातशे वर्षांनंतरही सांगता येते. यादवकालीन संभाषणाची मराठी भाषाशास्त्राला उपलब्ध झाली ती ह्या नोंदींमुळे.

ह्यानंतरची घटना अधिक बोधक आहे. महानुभाव परंपरा असे सांगते की, परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि लीळाचरित्र पुन्हा स्मरणाच्या आधारे सिद्ध करावे लागले. हे कार्य एकाने केले नाही. हिराइसेसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या स्त्रीचे नाव त्यात आदराने घेतले जाते. ज्यांनी ज्यांनी ग्रंथ कंठस्थ केला होता, त्यांच्या त्यांच्या पाठांतून निरनिराळ्या वाचना निर्माण झाल्या, आणि पुढील काळात हरि नारायण नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते ह्यांसारख्या संपादकांना पाठभेदांच्या ह्या अरण्यातूनच वाट काढावी लागली. संपादकाला पाठभेद त्रासदायक वाटतात हे खरे. पण एकच प्रत असती आणि ती गेली असती, तर पाठभेदही उरले नसते. अनेकांजवळ असलेल्या अपूर्ण प्रती एका ठिकाणच्या निर्दोष प्रतीपेक्षा अधिक सुरक्षित असतात, हा ह्या घटनेचा पहिला निष्कर्ष होय.

दुसरा निष्कर्ष ‘सूत्रपाठा’वरून निघतो. केसोबासांनी लीळांमधील चक्रधरांची वचने वेगळी काढून त्यांचा संग्रह केला. पाठांतरास व चिंतनास असा संग्रह सोयीचा होता, आणि पंथात त्याला श्रुतीचे स्थान मिळाले. परंतु प्रसंगापासून तुटलेले वचन दुर्बोध होते. दोनचार शब्दांचे सूत्र कोणाला उद्देशून आहे, ते उपदेशाचे आहे की विनोदाचे, सर्वांसाठी आहे की एकाच शिष्यासाठी, हे नुसत्या सूत्रावरून ठरत नाही. म्हणून महानुभाव परंपरेत ‘प्रकरणवश’ हा स्वतंत्र ग्रंथप्रकार निर्माण झाला. प्रत्येक सूत्र कोणत्या प्रकरणी, कोणत्या निमित्ताने उच्चारले गेले, हे त्यात सांगितलेले असते. लीळा, सूत्र आणि प्रकरणवश ही त्रयी म्हणजे उच्चारित शब्दाच्या जतनाचे एक पूर्ण शास्त्रच आहे : समग्र घटना, तिच्यातून वेचलेला अंश आणि त्या अंशाला घटनेशी पुन्हा जोडणारी टीप.

२

रिद्धपूरच्या ह्या परंपरेचे एक आधुनिक रूप वर्धा जिल्ह्यातच पाहावयास मिळते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव येथे राहावयास आले; हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. गांधीजींच्या दैनंदिन बोलण्याची जी नोंद आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग महादेवभाई देसाई ह्यांच्या डायरीचा आहे. १९१७ पासून १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये मृत्यू येईपर्यंत महादेवभाईंचे टिपण्याचे काम सुरू होते. त्यांच्यानंतर ह्या नोंदीची अखंडता तशी राहिली नाही. पुढे १९४७-४८ मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभांतील गांधीजींची भाषणे आकाशवाणीने मुद्रित केली, त्यामुळे अखेरच्या महिन्यांतील त्यांचा प्रत्यक्ष आवाज ऐकता येतो. सेवाग्रामच्या वर्षांत ते काय बोलले हे बव्हंशी कळते. ते कसे बोलले हे मात्र फारसे ऐकता येत नाही.

विनोबांच्या ‘गीता प्रवचनां’चे उदाहरण ह्याहून स्पष्ट आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ ह्या काळात दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर, अशी एकूण अठरा प्रवचने दिली. श्रोते म्हणजे सहबंदी. ध्वनिमुद्रणाचा प्रश्नच नव्हता. त्या श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली. ती लिहून घेतली गेली नसती तर विनोबांची ही कृती तुरुंगाच्या भिंतींबाहेर आली नसती. पुढे पवनार येथील धाम नदीकाठच्या आश्रमातून ती देशातील अनेक भाषांत पसरली.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, प्रवचनाचे जतन वक्त्याने केले नाही, तुरुंगाच्या व्यवस्थेने तर नाहीच नाही. ते एका श्रोत्याने केले. दुसरी ही की, लेखणी सर्व काही टिपू शकत नाही. विनोबांचा थांबा, स्वराचा चढउतार, सहबंद्यांचे हसणे, मध्येच कोणी विचारलेली शंका ह्या गोष्टी लेखनात विरून जातात. साने गुरुजींसारख्या भावनाशील लेखकाच्या हातून उतरलेल्या वाक्यांत वक्त्याची वाक्यरचना किती आणि लेखकाची किती, हा भाषाशास्त्रीय प्रश्न त्यामुळे कायमचा अनिर्णीत राहणार आहे.

३

यंत्र आल्यावर हा प्रश्न सुटावयास हवा होता. ग्रिअर्सन ह्यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या बोलींचे, त्यांत वऱ्हाडी व नागपुरी ह्यांचेही, लिखित नमुने आले. त्यास जोडून १९१३ ते १९२९ ह्या काळात भारतातील विविध भाषांच्या व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याही तयार करण्यात आल्या. परंतु सर्वेक्षणाचा ठरीव नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राची कथा. ती भाषांतरित करून घेतली जाई आणि बोलणारा यंत्रासमोर जपून बोले. बोलीचे उच्चार त्यांत सापडतात. बोलीतील संभाषण क्वचितच सापडते.

नभोवाणीने जिवंत प्रक्षेपण घरोघर नेले. पण प्रक्षेपण होणे निराळे आणि ते टिकणे निराळे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीत रामायणा’ची छप्पन्न गीते महाराष्ट्राला पाठ आहेत. मूळ प्रक्षेपणात ती निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे सर्वत्र पसरल्या त्या मात्र सुधीर फडके ह्यांच्या स्वरातील ध्वनिमुद्रिका. म्हणजे अत्यंत लोकप्रिय अशा प्रक्षेपणाच्या बाबतीतही समाजाच्या कानात उरले ते नंतर केलेले मुद्रण. पहिला प्रसंग बहुतेकांच्या लेखी केवळ आठवणीचा विषय झाला.

संस्था सावध असतेच असे नाही, हे परदेशातील अनुभवही सांगतो. ब्रिटनच्या बीबीसीने एकोणीसशे साठ व सत्तरच्या दशकांत चित्रफिती महाग असल्याने जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित केले. ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग अशा रीतीने गहाळ झाले. तरीही त्या सर्व गहाळ भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी घरातील साध्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. अमेरिकेत मॅरियन स्टोक्स ह्या महिलेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरील वृत्तप्रसारण घरी अखंड मुद्रित केले. तिच्या सुमारे ७०,००० फिती इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेकडे गेल्या. धुळ्याच्या तुरुंगातील साने गुरुजी आणि हे प्रेक्षक ह्यांत साधनांचा फरक आहे. भूमिका तीच आहे.

४

मोबाइलवरील थेट प्रक्षेपणाने वक्ता, मुद्रक आणि प्रक्षेपक ह्यांतील अंतर पुसून टाकले. ग्रिअर्सनच्या तबकडीत जे येऊ शकत नव्हते ते येथे सहज येते. ‘मले’, ‘तुले’ अशी चतुर्थीची रूपे, ‘ळ’च्या जागी ‘य’ होण्याची प्रवृत्ती, प्रमाण मराठीतून बोलीत आणि बोलीतून हिंदीत क्षणार्धात होणारे संक्रमण हे सर्व यंत्राचे भान न ठेवता बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. शंकरपटाचे समालोचन हे त्याचे ठळक उदाहरण होय. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांस पुन्हा वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. खंडानंतर पुन्हा सुरू झालेल्या ह्या प्रथेची बोली, बैलजोड्यांची वर्णने व समालोचकांची घोषवाक्ये ह्यांचा विस्तृत पुरावा थेट प्रक्षेपणांतच आहे.

पण ह्या पुराव्याचे आयुष्य परक्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. थेट प्रक्षेपणाचा थोडक्या वर्षांचा इतिहास विसर्जनांनीच भरलेला आहे. जस्टिन.टीव्ही ही सेवा ऑगस्ट २०१४ मध्ये बंद झाली. तिच्यातूनच वाढलेल्या ट्विचने त्याच महिन्यात जुनी प्रक्षेपणे कायम ठेवण्याची पद्धत सोडली. पेरिस्कोप ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाले. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य कलावंतांची खाती एका रात्रीत येथील प्रेक्षकांना दिसेनाशी झाली. यूट्यूबवर बारा तासांपेक्षा कमी लांबीचे थेट प्रक्षेपण आपोआप साठविले जाते, ह्यामुळे तेथील साठा तुलनेने स्थिर वाटतो. परंतु खातेदाराने चित्रफीत काढून टाकली अथवा खातेच बंद झाले तर तोही जातो.

ट्विचची व्यवस्था ह्या संदर्भात विशेष पाहण्याजोगी आहे. तेथे पूर्ण प्रक्षेपण प्रक्षेपकाच्या दर्जानुसार ७, १४ किंवा ६० दिवस राहते व नंतर जाते. परंतु प्रेक्षकांनी त्यातून कापलेले, अधिकाधिक एक मिनिटाचे तुकडे, ज्यांना सर्वजण क्लिप म्हणतात, ते मागे उरतात. म्हणजे लीळा नष्ट होते आणि सूत्र उरते. हीच गोष्ट आपल्याकडे निराळ्या मार्गाने घडते. तीन तासांच्या कीर्तनातील अर्ध्या मिनिटाचा विनोद किंवा सभेतील एक तापलेले वाक्य व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरते; पूर्ण कीर्तन व पूर्ण सभा कोठे होती, केव्हा झाली, हे कोणास सांगता येत नाही. कीर्तनकाराने पूर्वपक्ष म्हणून मांडलेले विधान त्याचेच मत म्हणून गाजते, आणि त्याचे खंडन करणारा पुढचा भाग पुसला गेलेला असतो. सूत्रपाठाला प्रकरणवशाची आवश्यकता का भासली, हे आज कोणासही समजावून देण्याची गरज उरलेली नाही. अशा तुकड्याने माणसाची अप्रतिष्ठा होते, गावात वितुष्ट येते, आणि निवाडा करण्यासाठी मूळ प्रसंग हाती नसतो.

५

ह्या इतिहासाच्या आधारे जतनाची काही तत्त्वे मांडता येतात.

पहिले तत्त्व शोधासंबंधी आहे. म्हाइंभट माणसांकडे गेले; आजच्या संग्राहकानेही प्रथम तेच करावे. केवळ शोधयंत्रावर विसंबून चालत नाही. अल्लीपूर हे नाव देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदाने आणि रोमन लिपीत एक वा दोन ‘एल’नी लिहिले जाते, शिवाय अलीपूर नावाची गावे देशात अनेक आहेत. पुष्कळ प्रक्षेपणांना तर गावाचे नावच नसते. नुसते ‘लाइव्ह’ किंवा मंडळाचे नाव असते. अशा स्थितीत भजनी मंडळ, सप्ताहाचे संयोजक, मंडपवाले व ध्वनिक्षेपकवाले, तसेच कार्यक्रमाची पत्रिका ह्यांच्याकडून तिथी व खात्याचे नाव मिळवून मग शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

दुसरे तत्त्व असे की, समग्र प्रक्षेपण आधी वाचवावे आणि तुकडे मागाहून काढावेत. खातेदार स्वतः तयार असेल तर फेसबुक व यूट्यूब ह्या दोन्ही ठिकाणी त्याला आपली मूळ चित्रफीत उतरवून घेता येते. हा मार्ग सर्वांत निर्दोष होय. फेसबुकच्या बाबतीत तीस दिवसांची मुदत ध्यानात ठेवली पाहिजे. पडद्याचे पुनर्मुद्रण हा अखेरचा उपाय समजावा, कारण त्यात आवाजाची प्रत घसरते आणि सूक्ष्म उच्चारभेदांचा अभ्यास अशक्य होतो.

तिसरे तत्त्व प्रकरणवशाचे. प्रत्येक चित्रफितीसोबत एका साध्या लेखी टिपणात गाव, स्थळ, दिनांक, प्रसंग, बोलणाऱ्यांचा परिचय, प्रक्षेपण कोणत्या खात्यावरून व किती वेळ झाले, ते केव्हा उतरविले, ही माहिती असावी. प्रेक्षकांनी प्रक्षेपण चालू असताना लिहिलेले अभिप्राय चित्रफितीबरोबर बहुधा उतरत नाहीत. ते वेगळे टिपून ठेवावेत. धुळ्याच्या तुरुंगातील शंका आणि हशा ज्याप्रमाणे हरवले त्याप्रमाणे हे हरवू नयेत. तुकडा जपावयाचा असेल तर तो मूळ प्रक्षेपणाच्या कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंतचा आहे, हे त्यावर नोंदलेले असलेच पाहिजे.

चौथे तत्त्व प्रतींचे. एक प्रत मंडळाजवळ, एक गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात आणि एक विद्यापीठाजवळ अशी विभागणी झाल्यास कोणत्याही एका ठिकाणच्या आपत्तीने सर्वनाश होणार नाही. २०२४ मध्ये रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. लीळाचरित्राच्या भूमीत असा संग्रह व्हावा हे औचित्याचेच होईल.

पाचवे तत्त्व अधिकाराचे आहे. १९५७ च्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला स्वतंत्र संरक्षण मिळाले आहे. कलम ३९ प्रमाणे खाजगी उपयोगासाठी तसेच प्रामाणिक अध्यापन व संशोधन ह्यांसाठी केलेल्या मुद्रणास मोकळीक आहे. परंतु जतन करणे आणि पुन्हा प्रसिद्ध करणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. कीर्तनकार, समालोचक, चावडीवर बोललेली म्हातारी ह्या सर्वांना आपले बोलणे तेव्हा प्रक्षेपित होत असल्याचे ठाऊक होते असे गृहीत धरता येत नाही. त्यांची संमती घ्यावी, आणि एखाद्याने नकार दिल्यास तो मानावा.

संस्थेचे काम श्रोत्याने केलेल्या कामाला आश्रय देण्याचे आहे. ती श्रोत्याची जागा घेऊ शकत नाही, असे रिद्धपूरपासून पवनारपर्यंतचा इतिहास सांगतो. लीळाचरित्राचा काळ आणि आजचा काळ ह्यांत एक फरक मात्र विसरता येत नाही. चक्रधरांचे बोल भक्तांच्या मनात वर्षानुवर्षे होते, म्हणून म्हाइंभटांना विचारत फिरण्यास अवधी मिळाला. मोबाइलवर पाहिलेले कीर्तन कोणी पाठ करीत नाही. ते साठविलेले आहे ह्या भरवशावर सर्वजण निश्चिंत असतात. पाठ करणारे उरले नाहीत आणि साठा तीस दिवसांचा आहे. अल्लीपूरच्या एखाद्या सप्ताहातील कीर्तन उद्याच्या अभ्यासकाला ऐकावयास मिळेल की नाही, हे त्या तीस दिवसांत गावातील कोणी एकाने ते उतरवून, त्यावर दिनांक व प्रसंग लिहून ठेवला की नाही, ह्यावरच ठरणार आहे.